नैवेद्याचा वास घेत नाहीत

"रिजेक्ट! पूरा का पूरा लॉट रिजेक्ट!"

दाणीकाका ओरडून राहिले होते. त्यांचा आवाज असा, की जबलपुरात राइट टाउनमधल्या आपल्या गच्चीवर ते नुसते शिंकले तरी तिकडे घमापुरात दंगल झाली असं समजून दुकानदार शटर ओढून घ्यायचे. पण हे राइट टाउन नव्हतं. हे व्हिएतनाममधलं होई आन नावाचं गाव होतं. लान नावाच्या बाईचं छोटंसं गेस्टहाऊस, आणि वेळ सकाळच्या नाश्त्याची. काकांच्या अंगात गंजीफ्रॉक, कमरेला टॉवेल, एक हात पोटावर आणि दुसरा हवेत. शेजारच्या टेबलावर एक गोरं जोडपं काटेचमचे हातात धरून जत्रेतल्या पुतळ्यासारखं बसलं होतं.

"मॅडम, धिस इज नॉट अ किचन! धिस इज अ‍ॅम्युनिशन डेपो!"

इंग्रजी इथं संपलं. काकांचं इंग्रजी फायलींवर शेरे मारण्यापुरतं, ते रागाला पुरत नसे. मग हिंदी सुरू झालं. "सारे के सारे रात भर बाथरूम में थे! बाथरूम कम पड़ गए हमको! बुजुर्ग लोग हैं, कुछ हो जाता तो?"

गोरं जोडपं हळूच ताटल्या सरकवून उठलं आणि निघून गेलं. लानच्या हातात पळी होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली होती. चेहरा पांढराफटक. खालचा ओठ दातांत. आम्ही सगळ्यांनी तो चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, बघा, पकडली गेली!

मी कुठं होतो? मी जिन्याच्या खांबामागं होतो. माझा देह म्हणजे नर्मदेच्या काठावरचा वड, आणि तो खांब माझ्या मनगटाएवढा. तरी मी त्यामागं मावलो होतो. शरमेनं माणूस किती बारीक होऊ शकतो याचा पुरावा कुणाला हवा असेल तर तो मी आहे. त्या घटकेला लाज वाटत होती ती काकांच्या टॉवेलची. खरी लाज कशाची वाटायला हवी, ते कळायला दुपार उजाडायची होती.

पण आधी दाणीकाका कोण, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही त्यांना गंजीफ्रॉकातला एक तोंडाळ म्हातारा समजाल. तसे ते होतेच. पण तेवढेच नव्हते.

पुंडलिक दाणी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. जबलपूरच्या मराठी घरात 'फॅक्टरी' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. आमच्याकडे दोनच गोष्टी बनतात, तोफगोळे आणि पोहे. मी नोकरीला लागलो तो काकांच्या हाताखाली. गोळ्याच्या कवचावर छोट्या हातोडीनं टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. चांगलं कवच देवळातल्या घंटेसारखं वाजतं. केसाएवढा तडा असला तरी आवाज बसतो. काकांना तो तडा ऐकू यायचा. मी तर म्हणतो, समोरच्या माणसाच्या बोलण्यातला तडासुद्धा ऐकू यायचा. म्हणून मी त्यांच्यासमोर रजेची खोटी कारणं कधी सांगितली नाहीत, चिठ्ठीवर लिहून दिली.

"वसंता," ते मला म्हणायचे, "आपला माल ज्याच्या हातात जाणार, तो आपल्याला कधी भेटत नाही. म्हणून त्याच्या वाटचा संशय आपणच घ्यायचा."

एकदा वरचे एक साहेब धावत आले. दिल्लीहून घाई होती. "दाणी, सही कर डालो, चलो." काका म्हणाले, "करतो न साहेब. फक्त पहिला गोळा तुम्ही उडवायचा. मी लांब उभा राहतो." लॉट परत गेला. त्या दिवसापासून ते साहेब खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून पाहायचे असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो.

काका रिटायर झाले आणि हातोडी फॅक्टरीला परत गेली. पण कान आणि नाक कोण जमा करून घेणार? ते दोन्ही घेऊन काका घरी आले, आणि आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या खाण्यापिण्यावर इन्स्पेक्शन बसलं. त्यांचे नियम तीन होते आणि ते आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. "वाफ दिसली पाहिजे. साल निघाली पाहिजे. झाकण बोललं पाहिजे." म्हणजे शिजवलेलं असेल तर डोळ्यांदेखत वाफाळतं हवं, फळ असेल तर आपल्या हातानं सोलता यायला हवं, आणि पाणी असेल तर बाटलीचं झाकण उघडताना 'कट्ट' असं वाजायला हवं. बाकी सब रिजेक्ट.

त्या झाकणावरून जबलपूर स्टेशनात एकदा काय झालं! गाडी शिट्टी देऊन राहिलेली, आम्ही डब्यात, काका फलाटावर. पाणीवाल्याच्या बाटल्या एकेक कानाशी धरून पिळताहेत, जसं काही डॉक्टर नाडी बघतोय. एक ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. "भैया, ये ढक्कन बोला नहीं." पाणीवाला कंटाळून म्हणाला, "दादा, ढक्कन है, तोता थोड़ी है." सगळा फलाट हसला. इंजिनाच्या ड्रायव्हरनंसुद्धा शिट्टी थांबवून हसून घेतलं असेल. काका हसले नाहीत. तहानलेले बसले, पण कटनी येईपर्यंत घोट घेतला नाही.

आणि कुंडमच्या जंगलातली मंडळाची सहल! रश्श्याचं भलंमोठं पातेलं तयार, पंगत बसलेली. काकांनी पाहिलं, झाकण बाजूला पडलेलं आहे. "कोणी काढलं?" कोणी बोलेना. "कधीपासून उघडं आहे?" कोणी बोलेना. काकांनी पातेलं उचललं आणि मोहाच्या बुंध्याशी उपडं केलं. अख्ख्या मंडळानं कोरड्या पुऱ्या लोणच्याशी खाल्ल्या आणि घास अडकला की काकांकडे पाहिलं. ओतताना रश्श्यातून काहीतरी काळं, लांबट पडलं होतं. मी त्याला पाल म्हणतो. आमचे सेक्रेटरी बक्षी तेजपत्ता म्हणतात. दरवर्षी माझी पाल वीतभर वाढते. बक्षींचा तेजपत्ता मात्र आहे तेवढाच आहे.

त्या दिवशी पुऱ्या वाढता वाढता मालूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "ह्यांचा धाकटा भाऊ हगवणीनं गेला नं. विहिरीचं पाणी होतं. ते कधी सांगत नाहीत." बस, एवढंच. मालूकाकू कमी बोलायच्या. काकांच्या शेजारी राहून बोलायला जागा तरी कुठं मिळायची म्हणा! पण त्या दिवसानंतर मी काकांना मागून नावं ठेवणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

तर असे हे काका, आणि बक्षींनी काढली व्हिएतनामची ट्रिप.

जाण्याआधी काकांनी आम्हाला हॉलमध्ये बसवून तंबी दिली. दात घासायचे तेही बाटलीच्या पाण्यानं. आंघोळ करताना तोंड बंद ठेवायचं, गाणी म्हणायची नाहीत. कापलेलं फळ नाही, कच्चा पाला नाही. बर्फ? "बर्फ मी बघीन." आणि तिथं पोचल्यावर खरोखरच बघितला. तिकडे मधून आरपार भोक असलेल्या बर्फाच्या नळ्या मिळतात. काका म्हणाले, ही कारखान्यातली, साफ पाण्याची. फोडलेली लादी मात्र कशाची कोण जाणे. झालं, त्या दिवसापासून आमचे म्हातारेकोतारे सरबताचे ग्लास उजेडाकडे धरून एकमेकांना विचारू लागले, "तुझ्याला भोक आहे काय?" वेटर पोरी पदराआड, म्हणजे पदर नव्हता, ट्रेआड हसायच्या.

हे मात्र सांगायला हवं की काका परदेश म्हणून नाक मुरडणारे नव्हते. रस्त्याच्या कडेला बुटक्या स्टुलांवर बसून लोक शेवयांचं गरमागरम सूप खात होते. बक्षी म्हणाले, "छी, नालीच्या शेजारी!" काकांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "उकळून राहिलं न? मग पास." आणि बिनमांसाचं एक वाडगं मागवून ओरपलंसुद्धा. उलट मोठ्या हॉटेलातलं, काचेखाली मांडलेलं थंड सॅलड त्यांनी रिजेक्ट केलं. त्यांचा नियम सगळ्यांना सारखा होता. एक गोष्ट सोडून. पण ती सुटलीय हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना आमच्या.

होई आनला पोचल्यावर काका थेट लानच्या स्वयंपाकघरात. नळ पाहिला, फळ्या पाहिल्या. भाजीची वेगळी, माशांची वेगळी. पुसायची फडकी नाकाशी नेली. लान चाळिशीची, काटक, कमी हसणारी बाई. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची. म्हातारी आई आणि ती, दोघीच तो पसारा ओढत होत्या. आमच्यासारख्या घासफूस खाणाऱ्यांसाठी तिनं नवी कोरी कढई काढली होती, आणि ती काकांपुढं अशी धरली जशी नवी सून ताट धरते. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "पास. घरी बी इतकं साफ नसते." मालूकाकूंनी ते ऐकलं आणि नुसता पदर नीट केला.

आता तो डबा.

काकांच्या बॅगेत पंच्यात गुंडाळलेला एक स्टीलचा डबा होता. त्यात मालूकाकूंच्या हातचे खव्याचे मोदक. दाण्यांच्या घरी विनायकी चतुर्थीला दुपारी गणपतीला मोदकांचा नैवेद्य, पिढ्यानपिढ्यांचा नेम. त्या महिन्याची विनायकी ट्रिपमध्ये येत होती, म्हणून मोदक जबलपूरहूनच बरोबर घेतले. सोवळ्यात केलेले, म्हणून डब्याला कोणी हात लावायचा नाही. जबलपूरहून रेल्वेनं दिल्ली, दिल्लीहून विमान, मग बसमधून दिवसभर, खाली इंजिन तापलेलं. लाननं पहिल्याच दिवशी डबा पाहिला आणि खुणेनं विचारलं, गरम आहे, फ्रिजमध्ये ठेवू? काकांनी फ्रिज उघडून पाहिला. त्यात मासे होते. "नो, नो, मॅडम. फिश. धिस इज गॉड्स बॉक्स." ती बिचारी दोन पावलं मागं सरकली.

आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. देवाला दाखवण्याआधी नैवेद्य चाखायचा नाही, हुंगायचाही नाही. पहिला वाससुद्धा देवाचा. आणि एकदा दाखवला की तो प्रसाद. प्रसादाला नाक लावून पाहणारा माणूस मराठी घरात अजून जन्माला यायचा आहे. ज्या नाकानं तोफगोळ्यांपासून नळाच्या पाण्यापर्यंत जगातलं काही सोडलं नाही, ते नाक त्या एका डब्यापुढं श्रद्धेनं बंद होतं.

विनायकीच्या दुपारी जेवणघरात टेबलावर सुपारीचा गणपती बसला. आरती झाली. काकांनी डोळे मिटून पाणी फिरवलं आणि मग स्वतःच्या हातानं प्रत्येकाला एक एक मोदक दिला. वेलची भरपूर होती. जिभेला काहीतरी आंबूस कळलं होतं, पण प्रसाद तोंडात असताना जिभेचं कोण ऐकतं? मालूकाकूंना शुगर; त्यांनी मोदक कपाळाला लावला आणि काकांच्याच हातावर परत ठेवला. काका उत्साहात होते. लानला स्वयंपाकघरातून बोलावलं, तिच्या आईला बोलावलं. लान हात पुसत आली, नको नको म्हणाली, काम पडलंय म्हणाली. काका म्हणाले, "प्रसाद, मॅडम. नो सेइंग नो." आणि ती खाईपर्यंत समोर उभे राहिले. तिनं खाल्ला, हात जोडले. म्हातारीनं दात नसलेल्या तोंडात बराच वेळ घोळवला आणि खूश होऊन काकांच्या दंडावर थोपटलं. मग आम्ही लानच्या हातचं जेवलो. भात, टोफू, पालेभाजीचं सार. असं जेवलो की कुंडमच्या पुऱ्यांचं सगळं उट्टं काढलं.

संध्याकाळ झाली आणि एकेकाचं पोट बोलू लागलं. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या रात्री मंडळातली जुनी भांडणं मिटली. बाथरूमच्या दाराशी ज्यानं ज्याला आधी जाऊ दिलं, त्याचे उपकार तो सात जन्म विसरणार नाही.

आणि सकाळी काका खाली उतरले. बक्षी जिन्यात म्हणाले होते, "काका, किचन तर तुम्हीच पास केलं होतं नं?" तेच लागलं त्यांना. काकांना लानचा राग आला नव्हता, तिला पास केल्याचा आला होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सोडलेला गोळा आपल्याच माणसांत फुटला होता. म्हणून ते सुरुवातीला सांगितलं तसे ओरडले. ओरडून थांबले नाहीत. आमच्या गाइडला समोर उभं करून त्याच्या ऑफिसला फोन लावायला लावला: इथं पुन्हा पार्टी आणायची नाही, एकसुद्धा नाही. बक्षींनी फोन काढून नेटवर गेस्टहाऊसला एकच तारा ठोकला आणि सगळ्यांना ठोकायला लावला. माझ्याही फोनवरून एक गेला. लान पळी धरून उभी होती. शेवटी तिनं एकच शब्द म्हटला, "सॉरी." आणि आत गेली.

तासाभरानं मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन काकांच्या खोलीत गेलो. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मालूकाकू खुर्चीवर, मांडीवर तो डबा. तळाशी अजून काही मोदक शिल्लक होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी काल सगळ्यांहून जास्ती जेवली. दोनदा सार घेतलं. मला काहून काही नाही झालं?"

काकांनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

"मी फक्त मोदक नाही खाल्ला."

काका भिंतीकडेच बघत म्हणाले, "घरचं होतं ते. तुझ्या हातचं."

"माझ्याच हातचं होतं. म्हणून म्हणून राहिली." काकूंनी डबा त्यांच्यापुढं केला. "वास घ्या."

"मालू, प्रसादाचा वास घेत नाहीत."

"आता तो प्रसाद नाही. आता तो लॉट आहे. घ्या."

मी भांडं हातात धरून उभा. पळून जावं असं वाटत होतं, पण पायांत त्राण नव्हतं. रात्रीच गेलं होतं. काका उठून बसले. झाकण त्यांनी स्वतः काढलं. वाकले, डोळे मिटले, जसे कवचापुढं मिटायचे तसे. माझ्यापर्यंत तो वास आला. आंबलेल्या दुधाचा, वेलचीच्या खाली दडून बसलेला. काकांनी डोळे उघडले नाहीत. मी वाट पाहत होतो, आता तो शब्द येईल. तो आला नाही. त्यांनी फक्त झाकण लावलं, इतकं हळू, जसं काही आत कोणी झोपलंय.

मग ते उठले. गरम पाणी नसतानाही दाढी केली. सगळ्यांत चांगला, इस्त्रीचा शर्ट घातला. व्हरांड्यात मंडळ जमलं होतं, बस यायची होती. काकांनी सांगितलं, चूक आपली होती, मोदक खराब होते. कोणी कोणाकडे पाहिना.

बक्षी म्हणाले, "असू द्या नं काका. आता बस लागून राहिली. आपण काही इथं पुन्हा येऊन नाही राहिलो. कशाला जबलपूरचं, मराठी माणसाचं नाव खराब करता?"

खोटं कशाला बोलू, बक्षींचं म्हणणं मला पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं. आमच्यातल्या एका बाईंनी तर म्हटलं, "प्रसादानं कोणी आजारी पडत नसते," आणि तीन-चार माना हलल्या.

काका म्हणाले, "बक्षी, लॉट कोणाचा होता?"

"आपला."

"मग?"

बक्षींनी फोन काढला आणि तो तारा पुसू लागले. बाकीच्यांनीही पुसले, मुकाट्यानं. काकांनी गाइडला पुन्हा ऑफिसला फोन लावायला लावला. तो बोलला, ऐकलं, मग खांदे उडवून म्हणाला, पुढची पार्टी ऑफिसनं दुसरीकडे पाठवून दिलीय, ते आता काही बदलत नाहीत. काका "अच्छा" म्हणाले. ते 'अच्छा' मी कवचावरच्या टिचकीसारखं ऐकलं. आवाज बसलेला होता.

"वसंता, चल. साक्षीदार लागेल." डबा त्यांनी हातात घेतला. मी म्हटलं, डबा कशाला? म्हणाले, "माल पाहिल्याशिवाय ती कशी मानेल?"

काका गेल्या थंडीत गेले. राइट टाउनच्या घरी शेवटच्या दिवसांत मी रोज जात होतो, उशाशी बसत होतो, खांदाही दिला. पण डोळे मिटले की ते पलंगावरचे काका दिसत नाहीत. दिसतात ते लानच्या स्वयंपाकघराच्या दारातले. मागच्या अंगणात सगळी भांडी उपडी घातलेली, ती नवी कढईसुद्धा. तांदळाचं पोतं, टोफू, भाज्या, सगळं कचऱ्याच्या डब्यांत फेकलेलं; सकाळच्या फोननंतर ऑफिसनंच ते फेकायला लावलं होतं. औषधाच्या पाण्याचा उग्र वास. लान गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. कोपऱ्यात चटईवर म्हातारी आई पडलेली, उशाशी एक घमेलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दिवसा डुलकी लागते.

काका ओल्या फरशीच्या कडेवर उभे राहिले, चपला बाहेर काढून, डबा दोन्ही हातांत. फॅक्टरीतल्या यंत्रांच्या गोंगाटावरून जाणारा तो आवाज इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं. "मॅडम. युवर फूड, ओके. युवर किचन, ओके. धिस... माइन. माय फॉल्ट." आणि झाकण उघडू लागले.

लान उठली. तिनं आत पाहिलं नाही. काकांच्या हातावर हात ठेवून झाकण परत बंद केलं आणि म्हणाली, माहीत आहे.

आम्हाला कळेना. तिनं कोपऱ्याकडे मान वळवली. आईच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाहीये, म्हणाली. काल दुपारी त्या दोघी जेवल्याच नव्हत्या, आमचंच वाढत होत्या. पोटात गेलं होतं ते तेवढंच.

काकांनी चटईकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. मग लानच्या चेहऱ्याकडे, जो सकाळी आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

"यू आल्सो? ऑल नाइट?"

तिनं मान हलवली.

"देन... सकाळी... व्हाय यू डिड नॉट टेल?"

लान खाली बसली, फडकं पिळलं, आणि फरशीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही ओरडत होता."